मामीचा आत्ताचा चेहरा

आमच्या मामाला माझं काम आवडत नाही, हे गल्लीतल्या मांजरालासुद्धा माहीत होतं.

मी माणसांच्या फोटोंची पोस्टरं करते. म्हणजे गिऱ्हाईक फोटो देतं, मी तो कॉम्प्युटरवर घेते, त्यातले बारकावे झाडून टाकते आणि चेहऱ्याचे मोजके सपाट तुकडे ठेवते. केसांचा एक, नाकाच्या सावलीचा एक, गालाचा, ओठांचा, बस. मग त्यात मनाला येतील ते रंग भरते. निळा गाल, जांभळे केस, काय वाट्टेल ते. लोक खूश होऊन घरी नेतात आणि भिंतीवर लावतात.

मामा मात्र नाक मुरडायचा. "ठिणगे, तुला अख्खा माणूस आणून दिला होता ना त्यांनी? मग परत देताना ही ठिगळं का देतेस?"

ठिणगी म्हणजे मी. नाव त्यानेच ठेवलंय आणि ते का, हे सांगायची गरज पडू नये. मी काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. "आणि तुझे ते पासपोर्टचे फोटो! जगातला प्रत्येक माणूस पोलिसांनी नुकताच धरून आणल्यासारखा दिसतो त्यात." मग तो हसायचा, मी फणकारायची, आणि आतून मामी ओरडायची, "झालं असेल तर चहा निवतोय!"

दुकान मामाचं. पुढे फोटो स्टुडिओ, मागे आम्ही तिघं राहतो. मी शाळेत असतानाच माझी आई गेली, वडिलांना काही मी झेपेना, आणि एके दिवशी मामा येऊन मला आणि माझ्या दप्तराला घेऊन गेला. त्या दोघांना मूल नव्हतं असं कुणी म्हणालं की मामी म्हणते, "नव्हतं कसं? ही काय, समोर बसलीये भांडायला." कॅमेरा मामाने हातात दिला. उजेड कसा बघायचा हे त्यानेच शिकवलं. चेहरा काढायला जाऊ नकोस, सावली धर, चेहरा आपोआप येतो, हे त्याचंच. मी कॉम्प्युटरचं खूळ घेतलं तेव्हा तोंडाने शंभर नावं ठेवली, पण मोठा प्रिंटर आणायला स्वतःचा जुना मोठा कॅमेरा त्यानेच विकला, आणि मला म्हणाला, "नाहीतरी धूळ खात होता." धूळ कसली, रोज पुसायचा तो. ह्या माणसाचे उपकार मी कसे आणि कधी फेडणार होते कुणास ठाऊक. तोंडावर तर कधी म्हणाले नाही. आमच्यात प्रेमाची सगळी देवाणघेवाण भांडणातूनच व्हायची.

तर असा हा मामा अचानक माझं कौतुक करायला लागला.

पहिल्यांदा शाळेच्या मोठ्या बाईंचं पोस्टर होतं. बाईंनी बजावून सांगितलं होतं की नाक जरा आवर, त्याप्रमाणे मी नाक आवरलं होतं. मामा येऊन उभा राहिला. मी बाह्या सरसावूनच होते. तो म्हणाला, "छान झालंय." आणि आत गेला. मी मामीला म्हटलं, ह्याला ताप आहे का बघ. मग न्हाव्याचं पोस्टर झालं, तेही छान. कोपऱ्यावरच्या औषधवालीचं झालं, तेही छान. मला सुरुवातीला गंमत वाटली, मग जरा चढलीच. म्हटलं, आलं म्हातारं वळणावर. खोटं कशाला बोलू, दोन-तीन गिऱ्हाइकांना मी मुद्दाम सांगितलंसुद्धा, "आमच्या मामालाही आवडलं हं."

मग बेकरीवाल्याचं काम आलं. त्याला नव्या दुकानाच्या दर्शनी भिंतीवर स्वतःचा चेहरा हवा होता, दारातून शिरता शिरता दिसेल एवढा, आणि रंग असे हवेत म्हणाला की माणूस रस्त्यात थबकला पाहिजे. मी जीव ओतला. हिरव्या पार्श्वभूमीवर नारंगी चेहरा, त्यावर गुलाबी सावल्या, काळ्याचा एक ठिपका म्हणून नाही. रंग इतके झगझगीत की कडा थरथरल्यासारख्या वाटत होत्या. बेकरीवाला दाराशी घाई करत उभा, त्यामुळे छापण्याआधी मी एक गोष्ट करायची सोडली, जी मी एरवी कधीही सोडत नाही. चित्रातले रंग एकदा काढून बघायचे. मामाची ही शिस्त. चेहरा रंगात नसतो, उजेडात आणि सावलीत असतो, म्हणून रंग काढून घे आणि काय उरतं ते बघ. पूर्वी तो हे डोळे बारीक करून करायचा, मी एक बटण दाबून करते. त्या दिवशी नाही दाबलं.

पोस्टर छापून झालं. शाई वाळायला भिंतीवर चिमट्यांनी टांगलं. बेकरीवाला बघून नाचायचाच बाकी होता. संध्याकाळी घेऊन जातो म्हणून तो गेला, आणि तेवढ्यात मामा आतून आला. भिंतीसमोर उभा राहिला. मी कौतुकाची वाट बघत होते.

तो म्हणाला, "हा कोरा कागद कशाला टांगून ठेवलायस? मशीन बिघडलं का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोरा कागद! मी जे तोंड सोडलं ते सोडलं. म्हटलं, आवडलं नसेल तर नीट सांग, हे असले टोमणे मला मारू नकोस. म्हटलं, तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही. म्हटलं, इतके दिवस छान छान म्हणत होतास ते काय माझी कीव म्हणून? बोलता बोलता माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला. मामाने एका शब्दाने उलट उत्तर दिलं नाही. "बरं, बरं," म्हणाला आणि भिंतीला हात लावत आत गेला.

मी रागारागात कॉम्प्युटरसमोर बसले. म्हटलं, दाखवतेच ह्याला. त्याच्याच शिस्तीने दाखवते. बटण दाबून सगळे रंग काढले, आणि पडद्यावर नुसती राख पसरली. हिरवा, नारंगी, गुलाबी, तिन्ही रंग एकाच वजनाचे निघाले, एकाच करड्या रंगाचे झाले आणि बेकरीवाला त्यात विरघळून गेला. ना नाक, ना डोळे. खरोखर कोरा कागद!

मी कपाळावर हात मारला. चूक कळली आणि राग उतरला. पण उतरता उतरताच मी मान वर करून भिंतीकडे बघितलं. पडद्यावरचे रंग मी काढले होते, भिंतीवरचे नव्हते काढले. भिंतीवर नारंगी चेहरा रसरशीत उभा होता. मला दिसत होता, बेकरीवाल्याला दिसला होता. मग मामाला का नाही दिसला?

आणि ते सगळं छान छान मला एकदम आठवलं. बाईंच्या आवरलेल्या नाकावर हा माणूस एक शब्द बोलला नव्हता. मामा! नाकावर!

मागच्या खोलीत तो खिडकीपाशी बसला होता. मी समोर जाऊन उभी राहिले. "मामा, भिंतीवर काय होतं, सांग."

"काहीतरी असणार," तो म्हणाला. "तू एवढी भडकलीस म्हणजे असणारच."

"तुला दिसत नाही का?"

"दिसतं गं. दार दिसतं, खुर्ची दिसते, रस्ता दिसतो. नेमकं जिथे बघायला जावं तिथेच धूर असतो, आणि रंग सगळे राखेसारखे."

"आणि हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"तू असा त्रागा करशील म्हणून," तो म्हणाला. मी त्रागा करतच होते.

मामी पोळपाट सोडून दारात आली होती. ती मटकन खाली बसली. "तरीच!" ती म्हणाली. "तरीच हे बोलताना माझ्या कानाकडे बघत होते. मला वाटायचं माझ्या मागे कोण येऊन उभं राहिलंय. दहादा वळून बघितलं असेल मी." आणि हसू की रडू असं तिचं झालं आणि तिने दोन्ही केलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिघंही गेलो. बाई शांत स्वभावाच्या होत्या, त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे, डाव्यात अजून थोडी नजर आहे, ती इंजेक्शनं देऊन जितकी टिकेल तितकी टिकवू. गेलेलं परत येणार नाही. आणि नजर सरळ न धरता जरा बाजूला धरून बघायची सवय करा, म्हणजे कडेने दिसेल. ती सवय मामाने कानाकडे बघून आपली आपणच लावून घेतली होती.

घरी आल्यावर मामाच बोलला. "गिऱ्हाइकांचं काही नाही. लोक आवाजावरून कळतात. पण हिला बघायला जातो तर केस दिसतात, कान दिसतात आणि मधे काही नाही. आठवायला गेलो तर कधी एक तुकडा आठवतो, कधी दुसरा." तो मामीच्या दिशेने बघत होता, म्हणजे तिच्या कानाकडे. "डावा डोळा जायच्या आत मला हिचा चेहरा एकदा नीट बघायचाय. एकदा बघितला की पाठ करून ठेवीन. एवढंच."

मामी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने उगाचच भांडी आपटायला सुरुवात केली. मी तिच्या मागे गेले नाही.

युक्ती मला सुचली ती दुसऱ्या दिवशी, मामाला इंजेक्शनाला घेऊन जाताना. रस्त्यात तो एकदम म्हणाला, "इथे गॅरेज निघालंय वाटतं." पलीकडे भिंतभर पिवळी पाटी होती आणि तिच्यावर काळी, जाडजूड अक्षरं. मान जराशी वळवून त्याने ती वाचली होती. मी रस्त्यातच थांबले. पिवळ्यावर काळं! मोठ्ठं, सपाट, जाड! अरे, हे तर माझंच काम. इतकी वर्षं ज्या ठिगळांना ह्याने नावं ठेवली, तीच ठिगळं ह्याला दिसणार होती.

मामीचा फोटो काढणं म्हणजे नाकी नऊ. फोटोवाल्याची बायको, पण फोटो म्हटलं की पळते. "माझं काय आता बघायचं राहिलंय," वगैरे सुरू झालं. मी म्हटलं, "मामी, बस. नाहीतर मी जेवणार नाही." ह्या धमकीने तिला मी लहानपणापासून नमवत आलेय. तिला खिडकीशी बसवलं, एका बाजूने उजेड घेतला म्हणजे दुसऱ्या बाजूला सावली दाट पडते, आणि फोटो काढला.

मग बसले कामाला. रंग आधीच काढून टाकले. उजेड तेवढा पिवळा, सावली तेवढी काळी, तिसरं काही नाही. डोळ्यांच्या खोबणी, नाकाची एक बाजू, ओठांमधली रेघ, हनुवटीखालची सावली. प्रत्येक तुकड्याची कड मी हाताने आखली, पोटच्या पोराला आंघोळ घालावी तशी. प्रिंटरमध्ये बसेल तेवढ्या मोठ्या कागदावर छापलं आणि भिंतीवर लावलं.

मामा समोर आला. मान वाकडी केली, जवळ गेला, मागे आला. आणि एकदम तो ओरडला, "दिसतंय! अगं, नाक दिसतंय! डोळे... दोन्ही डोळे दिसतायत!" मी टाळ्याच पिटल्या. मामीने तोंडावर हात ठेवला.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याचा चेहरा पडला.

"काय झालं?" मी विचारलं.

"ही आमच्या लग्नातली आहे," तो म्हणाला. "ही मला पाठ आहे गं. मला आत्ताची हवी होती."

मी वळून पोस्टर पाहिलं आणि मला माझीच चीड आली. हाताची सवय! गालावरच्या रेघा, डोळ्यांखालच्या थैल्या, गळ्याच्या घड्या, सगळं मी न सांगता पुसून टाकलं होतं, गिऱ्हाइकांचं पुसते तसं. कारण प्रत्येकाला तेच हवं असतं. गुळगुळीत चेहरा दिला की माणूस खूश. मामाच एकटा निघाला, ज्याला सुरकुत्या परत हव्या होत्या.

"करते," मी म्हटलं. "पुन्हा करते." आणि तो नेमका त्याच क्षणी म्हणाला, "राहू दे, खूप केलंस." तेव्हा मी भडकले. "राहू दे काय राहू दे? तू मला कधी अर्ध्यावर सोडलंस का? गप बस इथे आणि सांग कसं करायचं ते."

तो बसला. माझ्या शेजारी स्टूल ओढून, लहानपणी मी त्याच्या शेजारी बसायचे तसा. पडदा त्याला दिसत नव्हता, पण काम त्याला डोळ्यांवाचूनही येत होतं. मी सांगायचे, इथे डोळ्याच्या कोपऱ्यात तीन बारीक रेघा आहेत. तो म्हणायचा, तीन नको, मला तीन दिसणार नाहीत, तिन्हींची मिळून एक जाड कर. मी म्हणायचे, गालावर एक खोल रेघ आहे, नाकापासून खाली येणारी. तो म्हणायचा, ती सोडू नकोस, हसताना तीच आधी हलते. मामी भाजी निवडत बसली होती, ती म्हणाली, "माझ्या सुरकुत्यांचा बाजार मांडलाय नुसता. हनुवटीवरचा केस राहिला असेल तर तोही घ्या." मामा म्हणाला, "आहे का? घे गं तोही." आम्ही तिघं इतके हसलो की मला हातातलं काम सोडून डोळे पुसावे लागले. पुसताना कळलं की ते नुसतं हसू नव्हतं.

दुसरं पोस्टर छापलं, भिंतीवर लावलं. ह्या वेळी मामाने घाई केली नाही. सावकाश आला. मान वाकडी करून, नजर बाजूला धरून, त्याने कपाळापासून सुरुवात केली. डोळ्यांच्या कोपऱ्यापाशी थांबला. गालावरच्या रेघेवरून हनुवटीपर्यंत उतरला. पुन्हा वर गेला.

"अगं," तो शेवटी म्हणाला, "तू म्हातारी झालीस."

"झाले," मामी म्हणाली. "तुम्हाला विचारून व्हायचं होतं का?"

"मला न दाखवताच झालीस," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पण चेहऱ्यावर असं काही हसू होतं की मी ते जन्मात विसरणार नाही. तो मामीकडे वळला. तिच्या कानाकडे बघत त्याने हात पुढे केला, आणि त्याचं बोट न चुकता तिच्या गालावरच्या त्या खोल रेघेवर जाऊन टेकलं. "ही," तो म्हणाला. "ही इथे आहे." मग डोळ्याच्या कोपऱ्यावर. "आणि ही इथे." मामीने डोळे मिटून घेतले आणि त्याला सगळा चेहरा शोधू दिला.

मी आवाज न करता दुकानात निघाले. म्हटलं, ह्या दोघांना आता आपलं काम नाही. ऊर असा भरून आला होता की पायाखालचं दिसत नव्हतं. ह्या घरात मला आणून ठेवलं, हातात ही कला दिली, तेव्हा ती कधी ह्यांच्याच उपयोगी पडेल असं कुणाच्या ध्यानीमनी होतं? मला वाटत होतं उपकार फेडायचे असतात. तसं काही नाही, मला नुसतं त्यांच्या पायाशी बसावंसं वाटत होतं.

"ठिणगे," मागून मामाची हाक आली. "कुठे चाललीस?"

"आहे इथेच."

"आता तुझा काढायचा." तो कपाटाशी गेला होता, चाचपडत कॅमेरा काढत होता. "तुझाही दिसत नाही मला. शेवटचा नीट बघितला तेव्हा तू कशावरून तरी चिडलेली होतीस. तो चेहरा नकोय मला पाठ करायला."

मी, जी कुणाचं ऐकून घेत नाही, ती मुकाट्याने खिडकीपाशी जाऊन बसले. मामाने कॅमेरा डोळ्याला लावला, सवयीने, उपयोग नसताना. मामी त्याच्या मागे उभी राहून त्याचे खांदे धरून त्याला सांगत होती, डावीकडे, अजून थोडं, हां, आता आली मधे.

"हसतेय का ती?" त्याने विचारलं.

"रडतेय," मामी म्हणाली.

"मग थांबू," मामा म्हणाला. "मला घाई नाही." आणि कॅमेरा तसाच धरून तो माझं रडू संपायची वाट बघत उभा राहिला.